आजीचा पत्र्याचा डबा आणि साता समुद्रापारची पोस्टकार्डं

स्वयंपाक चुलीवर असेल तर आच थोडी कमी करा, नाहीतर आमचं ऐकता ऐकता भात खाली लागेल.

आज बचत, कर्ज, हप्ता यातलं काही सांगणार नाही. गोष्ट एका डब्याची आहे. भिवंडी तालुक्यात वज्रेश्वरीच्या बाजूला आमचे काही गट आहेत. मागच्या दिवाळीच्या आधी एका गटाच्या बैठकीला गेलो, तर ओटीवर आवराआवर चाललेली. भंगारवाला दारात उभा. सून म्हणाली, "ताई, या डब्यात नुसतेच कागद आहेत, देऊन टाकते." डबा बिस्किटाचा, जुना, झाकणाला गंज. उघडला तर आत चित्रांची पोस्टकार्डं. बर्फाचे डोंगर, लाल छपरांची गावं, समुद्रावरचा पूल, एका कार्डावर कांगारू. एकूण एकतीस.

आजी तरुणपणी गणेशपुरीला स्वयंपाकाच्या कामाला होत्या. तुम्हाला माहीतच आहे, आपल्या तालुक्यातलं हे गाव गरम पाण्याच्या कुंडांचं आणि नित्यानंद बाबांच्या समाधीचं. बाबा १९६१ साली गेले. पुढे मुक्तानंदांच्या आश्रमात १९७० नंतर परदेशी माणसांची रीघ लागली. त्यांतल्याच एका बाईशी आजींची गट्टी जमली. भाषा एकीची एकीला येत नव्हती. ती बाई मायदेशी गेली आणि तिथून कार्डं पाठवू लागली. आजींना अक्षरओळख नाही. पोस्टमन नाव वाचून कार्ड हातात देई, पण मागचं इंग्रजी त्यालाही लागत नसे. आजी चित्र बघत, डोळ्यांना लावत आणि डब्यात ठेवत. हा त्यांचा छंदच म्हणा ना. बाकीच्या बाया बांगड्या जमवत होत्या, या परदेश जमवत होत्या.

"बघ गो, काय लिवलंय," आजी आम्हाला म्हणाल्या. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी.

आमच्या गटातली एक मुलगी बारावीला आहे, तिने आणि आम्ही मिळून वाचायला घेतलं. त्याआधी थोडं मागे जाऊ, म्हणजे हा चौकोनी तुकडा आजींच्या ओटीपर्यंत पोहोचला कसा ते कळेल.

पोस्टकार्ड पहिल्यांदा निघालं १ ऑक्टोबर १८६९ला, ऑस्ट्रियात. एमानुएल हरमान नावाच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाचं म्हणणं असं, की दोन ओळींच्या निरोपासाठी कागद, पाकीट आणि लांबलचक मायना कशाला? हिशेब बायकी वाटतो की नाही? आपल्याकडे कार्ड आलं १ जुलै १८७९ला. किंमत पाव आणा. तेव्हा रुपयाचे सोळा आणे, म्हणजे रुपयाला चौसष्ट कार्डं. त्यावर राणी व्हिक्टोरियाचं डोकं आणि 'ईस्ट इंडिया पोस्ट कार्ड' अशी इंग्रजी अक्षरं. त्याच वेळी परदेशासाठी वेगळं, दीड आण्याचं कार्ड निघालं.

परदेशी एवढ्या स्वस्तात जाणं शक्य झालं ते एका करारामुळे. त्याआधी पत्र चार देशांतून जायचं तर चौघांचा हिशेब वेगळा. १८७४ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात बावीस देश एकत्र बसले आणि ठरलं, की पत्र जिथून निघेल तिथलं तिकीट पुरे, वाटेतल्या कुणी पुन्हा पैसे मागायचे नाहीत. आपला देश १८७६ साली त्यात आला. आजींना कांगारू पाठवणाऱ्या बाईने तिकडचं एक तिकीट लावलं आणि ते वज्रेश्वरीपर्यंत चाललं, ते यामुळे.

कार्ड उघडं, कुणीही वाचावं. आपल्या लोकांनी त्या उघडेपणालाही वळण लावलं. लग्नाच्या कार्डाला हळदी-कुंकवाची बोटं, आणि कोपरा फाडलेला असला की वाईट बातमी. अक्षर न येणारी बाईसुद्धा कोपरा बघून रडायला लागे. वाचता न येणाऱ्यांचीही एक वाचण्याची रीत होती, हे शाळेच्या पुस्तकात कुणी लिहीत नाही.

चित्रांची कार्डं मग सुरू झाली आणि १९०० नंतर त्यांचं वेडच लागलं. हिंदुस्थानातल्या देखाव्यांची पुष्कळ कार्डं छापली जात जर्मनीत आणि विकली जात मुंबईत. आपल्या इथेही छापखाना होता. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत काढलेला छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, नंतर तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन माणसाने घेतला. रविवर्म्याच्या चित्रांची कार्डंही तिथून निघाली. म्हणजे कुठल्या तरी गोऱ्या मडमेच्या डब्यात नऊवारीतली आपली बाई जाऊन बसली असणार! सुरुवातीला मागची सगळी बाजू पत्त्यालाच, म्हणून मजकूर चित्राच्या कडेला दाटीवाटीने लिहीत. १९०२ साली इंग्लंडने मागच्या बाजूचे दोन भाग केले, अर्धा पत्त्याला, अर्धा मजकुराला. बाकी देशांनीही तेच उचललं.

आता आपल्या शेजारची गोष्ट. कल्याण आपल्यापासून किती? खाडी ओलांडली की आलं. तिथल्या यमुनेचं नवव्या वर्षी लग्न झालं, नवरा पोस्टातला कारकून, गोपाळराव जोशी. तीच आनंदीबाई. चौदाव्या वर्षी बाळ झालं आणि दहा दिवसांत गेलं. गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी एका अमेरिकन पाद्र्याला लिहिलेलं पत्र तिकडच्या मासिकात छापून आलं. १८८० साली न्यू जर्सीतल्या थिओडोसिया कार्पेंटर नावाच्या बाई दातांच्या डॉक्टरकडे बसल्या असताना त्यांच्या हाती तो जुना अंक पडला. त्यांनी कधी न पाहिलेल्या मुलीला पत्र लिहिलं. मुलीने उत्तर दिलं, इंग्रजीत. जहाजाने पत्र जायचं, उत्तर यायला महिने लागायचे. पण दोघींत इतकी माया जडली, की आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. ७ एप्रिल १८८३ला त्या कोलकात्याहून जहाजात बसल्या, आणि न्यूयॉर्कला न्यायला मावशी आल्या होत्या. ११ मार्च १८८६ला त्या डॉक्टर झाल्या. २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात क्षयाने गेल्या, बाविसावं वर्षही पुरं नव्हतं. त्यांची रक्षा मावशींकडे पाठवली आणि ती अमेरिकेत पोकीप्सी गावी मावशींच्या घरच्या दफनभूमीत आहे.

सगळे गोपाळरावांचं बोलतात, त्यांच्या हट्टाचं, रागाचं. बोलावंही. पण आम्हाला वाटतं, त्या पत्रांतल्या मावशीचं नाव फार कमी घेतलं जातं. आणि आनंदीबाईंना उत्तर लिहिता येत होतं, हेही.

आता डब्याकडे येऊ. पहिली कार्डं साधी होती. इथे बर्फ पडला, तुमच्या हातच्या आमटीची आठवण येते. पाचव्यात विचारलं होतं, मुलीचा खोकला बरा झाला का. सातव्यात, तुम्ही बोट पुढे करून दाखवला होता तो दिवस आला का, बाळ झालं का. मग जवळजवळ प्रत्येक कार्डाच्या शेवटी एकच ओळ, दोन शब्द लिहा, कुणाकडून तरी लिहवून घ्या. एका कार्डावर तिने आपला पत्ता ठळक अक्षरांत लिहून खाली रेघ मारली होती. शेवटचं कार्ड १९८४चं. त्यात लिहिलं होतं, की बहुधा माझी कार्डं पोहोचत नाहीत.

मुलगी वाचता वाचता थांबली. आम्हाला प्रश्न पडला, हे आजींना सांगावं की नाही? इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की ती मजेत आहे, चित्रं पाठवते. गटात दोन तट पडले. एक ताई म्हणाल्या, म्हाताऱ्या जिवाला कशाला घोर. दुसऱ्या म्हणाल्या, पत्र त्यांचं आहे, आपलं नाही. आम्ही सांगितलं. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "खोकला तेव्हाच बरा जाला. ल्ही."

भिवंडीच्या पोस्टात आम्ही काउंटरवर परदेशी टपालाचा दर विचारला आणि कार्ड लिहिलं. खोकला बरा झाला, बाळ मुलगा झाला, त्याला आता मुलं आहेत, आमटी अजून तशीच होते. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात पिन टाकायला विसरू नका बरं का बायांनो. त्यातला पहिला आकडा विभागाचा, आपला ४, शेवटचे तीन नेमक्या पोस्टाचे. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी, संस्कृतचे पंडित.

आमच्या मुलींनाही आता नाद लागला आहे. पोर्तुगालच्या पाउलो मागाल्हाइश या विद्यार्थ्याने २००५ साली 'पोस्टक्रॉसिंग' सुरू केलं. तुम्ही एका अनोळखी माणसाला कार्ड पाठवायचं, मग भलत्याच देशातून दुसऱ्या कुणाचं तुम्हाला येतं. मुलींच्या घरचा पत्ता अनोळखी माणसाला द्यायचा नाही, कार्डं गटाच्या कार्यालयात येतील, एवढं आम्ही बजावलं आहे. जमवणार असाल तर डिंकाने वहीत चिकटवू नका, तिकीट सोलू नका, पावसाळ्यात कोरड्या डब्यात ठेवा, नाहीतर कसर खाते.

आजींच्या कार्डाला अजून उत्तर नाही. पत्ता चाळीस वर्षांपूर्वीचा, बाई आहे की नाही तेही ठाऊक नाही. डबा मात्र माळ्यावरून खाली आला आहे, देव्हाऱ्याशेजारी. आणि आजी सध्या आमच्या साक्षरता वर्गाला येतात. स्वतःचं नाव जमलं आहे. आता म्हणतात, "तिचं नाव गिरवायला द्या."