वाट मोकळी करणारा वीर
(परमवीर चक्र विजेते मेजर रामा राघोबा राणे यांचे पुण्यस्मरण)

मीरा-भाईंदरच्या भूमीला रणसंग्रामाचा वारसा नवा नाही. खाडीच्या मुखावरील धारावीचा किल्ला चिमाजीअप्पांच्या फौजांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून जिंकून घेतला आणि त्याच वर्षी मे महिन्यात समोरच्या तीरावरील वसई मराठ्यांच्या हाती आली. पुढे मिठागरे, शेती आणि मासेमारी यांवर जगणारी ही गावे महानगराच्या कुशीत आली आणि युद्ध ही गोष्ट येथील माणसाला दूरच्या सरहद्दीवरची वाटू लागली. हा समज ऑगस्ट २०१८ मध्ये पुसला गेला. मीरा रोडचे सुपुत्र मेजर कौस्तुभ राणे यांना ७ ऑगस्ट रोजी काश्मीरच्या गुरेझ क्षेत्रात घुसखोरांशी लढताना वीरमरण आले. त्यांना निरोप देण्यासाठी मीरा रोडच्या रस्त्यांवर जनसागर लोटला. त्यांच्या पत्नीने दुःख गिळून लष्करी प्रशिक्षण घेतले आणि २०२० मध्ये स्वतः सेनाधिकारी म्हणून गणवेश धारण केला.

त्या घटनेच्या बरोबर सत्तर वर्षे आधी, १९४८ मध्ये, याच जम्मू-काश्मीरच्या डोंगरांत याच आडनावाच्या एका तरुण अधिकाऱ्याने अलौकिक पराक्रम केला होता. दोघांत रक्ताचे नाते सांगण्याचा येथे हेतू नाही. नाते आहे ते कर्तव्याचे. परंतु एक मोठा भेद आहे. हे पहिले राणे रणांगणावरून जिवंत परतले, सेवानिवृत्त झाले आणि वृद्धापकाळी शांतपणे कालवश झाले. तिरंग्यात लपेटून आलेल्या वीरापुढे समाज नतमस्तक होतो आणि ते योग्यच आहे. पण स्वतःच्या पायांनी घरी परतलेल्या सैनिकाची आठवण किती जण ठेवतात? म्हणूनच मेजर रामा राघोबा राणे यांचे चरित्र आवर्जून सांगण्यासारखे आहे.

बालपण आणि सैन्यप्रवेश

रामा राघोबा राणे यांचा जन्म २६ जून १९१८ रोजी झाला. कारवारजवळील चेंडिया हे त्यांचे मूळ गाव. आज हा भाग कर्नाटकात असला, तरी त्या काळी तो मुंबई इलाख्यात होता आणि मराठी व कोकणी या दोन्ही भाषा तेथे घरोघरी नांदत होत्या. वडील पोलीस दलात शिपाई होते. त्यांच्या वारंवार होणाऱ्या बदल्यांमुळे रामाचे शिक्षण सलगपणे होऊ शकले नाही. १९३० मध्ये देशभर सविनय कायदेभंगाची लाट उसळली, तेव्हा बारा वर्षांचा हा मुलगाही तिच्याकडे ओढला गेला. सरकारी नोकरीतील वडिलांना साहजिकच काळजी वाटली आणि त्यांनी कुटुंबाला चेंडियास परत आणले. चळवळीपासून दूर नेलेला हा मुलगा पुढे स्वतंत्र भारताचा सर्वोच्च शौर्य सन्मान मिळवील, असे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

दुसरे महायुद्ध पेटले असताना १० जुलै १९४० रोजी राणे सैन्यात भरती झाले. त्यांना मिळाले ते बॉम्बे सॅपर्स हे अभियंता दल. १८२० पासूनचा इतिहास सांगणाऱ्या या दलाचे मुख्य केंद्र पुण्याजवळ खडकी येथे आहे. सॅपर हा सैनिक असतोच, पण त्याच्या हातात बंदुकीइतकीच कुदळ, फावडे आणि स्फोटके असतात. पूल बांधणे, रस्ता करणे, शत्रूने पेरलेले सुरुंग काढणे आणि माघारीच्या वेळी शत्रूच्या उपयोगी पडेल ते नष्ट करणे, ही त्याची कामे. प्रशिक्षणात राणे सर्वोत्कृष्ट ठरले आणि कमांडंटच्या मानाच्या छडीचे मानकरी झाले.

त्यानंतर ब्रह्मदेशाच्या आघाडीवर अराकानमध्ये त्यांची खरी परीक्षा झाली. माघारीच्या वेळी बुथिडाँग येथील महत्त्वाची साधनसामग्री नष्ट करण्यासाठी त्यांना दोन तुकड्यांसह मागे ठेवण्यात आले. काम झाल्यावर नौदलाचे जहाज त्यांना घेऊन जाणार होते. काम फत्ते झाले, पण जहाज काही त्यांना नेऊ शकले नाही. नदीवर जपान्यांचा पहारा होता. राणे यांनी त्या पहाऱ्याला चुकवून आपल्या माणसांसह नदी ओलांडली आणि ते आपल्या डिव्हिजनला जाऊन मिळाले. संकटात बुद्धी स्थिर ठेवण्याचा हा गुण पुढे राजौरीच्या वाटेवर देशाच्या कामी आला. हवालदार, जमादार अशा पायऱ्या चढत १५ डिसेंबर १९४७ रोजी ते सेकंड लेफ्टनंट झाले.

राजौरीची हाक

देश स्वतंत्र होऊन काही आठवडे उलटतात न उलटतात तोच जम्मू-काश्मीरवर पाकिस्तानकडून आक्रमण झाले. नोव्हेंबर १९४७ मध्ये राजौरी हल्लेखोरांच्या ताब्यात गेले आणि तेथील निरपराध नागरिकांवर भयंकर अत्याचार झाले. डिसेंबरअखेरीस झांगरही हातचे गेले. १८ मार्च १९४८ रोजी भारतीय सैन्याने झांगर परत घेतले आणि नौशेऱ्याहून राजौरीकडे कूच करण्याचे ठरले.

हा मार्ग प्राचीन आहे. मोगल बादशहा याच वाटेने काश्मीरला जात. वाटेवरील चिंगस येथे मोगलकालीन सराई आहे. १६२७ मध्ये काश्मीरहून परतताना जहांगीर बादशहाचा मृत्यू झाला, तेव्हा देह लाहोरपर्यंत टिकावा म्हणून त्याची आतडी येथे पुरण्यात आली, असे इतिहास सांगतो. चिंगस या नावाचा फारसीतील अर्थही आतडी असाच आहे. बादशहाच्या लवाजम्याची ही वाट १९४८ मध्ये सुरुंगांनी भरलेली होती.

८ एप्रिल १९४८ रोजी चौथ्या डोग्रा पलटणीने आगेकूच सुरू केली आणि नौशेऱ्यापासून सुमारे अकरा किलोमीटरवरील बरवालीची डोंगरधार काबीज केली. मात्र त्यापुढे रणगाडे अडले. एका बाजूस उभा डोंगर, दुसऱ्या बाजूस उतार आणि मध्ये अरुंद रस्ता. अशा रस्त्यावर आडवे पाडलेले वृक्ष, उडवलेल्या मोऱ्या आणि जागोजाग सुरुंग. पायदळ डोंगरावरून वाट काढू शकते, रणगाडा काढू शकत नाही. आणि रणगाड्यांविना पुढे जाणे म्हणजे अनेक जवानांचे प्राण धोक्यात घालणे होते. शिवाय प्रत्येक वाया गेलेला तास राजौरीत अडकलेल्या जिवांच्या मुळावर येणार होता. ३७ असॉल्ट फील्ड कंपनीच्या आपल्या तुकडीसह राणे याच ठिकाणी पुढे झाले.

चार दिवसांचा जमाखर्च

८ एप्रिल रोजी सुरुंग काढण्यास प्रारंभ होताच शत्रूने उखळी तोफांचा मारा केला. राणे यांचे दोन सॅपर जागीच ठार झाले आणि पाच जण जखमी झाले. जखमींत स्वतः राणे होते. तरीही ते मागे हटले नाहीत. सायंकाळपर्यंत त्यांनी सुरुंग दूर केले आणि रणगाडे पुढे सरकले. रणगाड्याखाली सरपटत राहून, दोरीच्या इशाऱ्यांनी चालकाला थांबण्याची वा पुढे येण्याची खूण करीत त्यांनी वाट साफ केल्याचा प्रसंग त्यांच्याविषयीच्या लेखनात वारंवार सांगितला जातो.

९ एप्रिल रोजी सकाळी सहा वाजल्यापासून दुपारी तीनपर्यंत खपून त्यांनी रणगाड्यांसाठी वळणवाट तयार केली. ताफा निघाला तेव्हा ते सर्वांत पुढच्या गाडीत बसले. सुमारे अर्ध्या मैलावर चिडाचे वृक्ष आडवे होते. राणे खाली उतरले आणि त्यांनी ते स्फोटकांनी उडवले. आणखी तीनशे यार्डांवर तसाच अडथळा, त्याचीही तीच गत केली. सायंकाळी पाचच्या सुमारास उद्ध्वस्त मोरी आडवी आली. काम सुरू होण्यापूर्वीच मशीनगनचा मारा सुरू झाला, पण त्या माऱ्यातही वळणवाट झालीच. सव्वासहाला, अंधार दाटत असताना, पाच प्रचंड वृक्षांचा अडथळा समोर आला. सभोवार सुरुंग आणि वर मशीनगनचा नेम. राणे तेथेही सुरुंग काढू लागले होते, पण परिस्थिती ओळखून ताफ्याच्या प्रमुखाने सर्वांना रात्रीच्या तळावर नेले.

१० एप्रिलच्या पहाटे पावणेपाचला राणे पुन्हा त्या वृक्षांपाशी होते. मशीनगनच्या माऱ्याखाली, रणगाड्यांच्या आधाराने, साडेसहापर्यंत त्यांनी तो अडथळा दूर केला. पुढचे हजार यार्ड म्हणजे अडथळ्यांची आणि उडवलेल्या बांधांची रांगच होती. साडेदहाला तीही मोकळी झाली. रणगाडे रस्ता सोडून तावी नदीच्या पात्रात उतरले आणि दुपारी दोन वाजता चिंगसला पोहोचले. येथे दुसरा कोणी असता तर क्षणभर टेकला असता. पण रणगाड्यांच्या मागे अन्न, दारूगोळा आणि औषधे घेऊन येणाऱ्या वाहनांना रस्ताच हवा, हे राणे जाणून होते. अन्न आणि विश्रांतीवाचून ते रात्री नऊपर्यंत राबत राहिले. ११ एप्रिल रोजी सकाळी सहाला पुन्हा आरंभ झाला. अकरा वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला आणि रात्री दहापर्यंत पुढील रस्त्याचे काम चालले.

या श्रमांचा हिशेब मांडला तर मन थक्क होते. १० तारखेस पहाटेपासून रात्रीपर्यंत सव्वासोळा तास, ११ तारखेस सोळा तास. तेही अंगावर जखम असताना आणि गोळ्यांच्या वर्षावात. सुरुंग काढणाऱ्या माणसाला घाई करता येत नाही. त्याचा हात थरथरून चालत नाही. जमिनीवर पडून संगिनीच्या टोकाने माती चाचपावी लागते आणि पहिली चूक हीच अखेरची चूक ठरते. म्हणून त्या तासांचे मोल इतर तासांसारखे करता येणार नाही.

१२ एप्रिल १९४८ रोजी भारतीय सैन्य राजौरीत पोहोचले. शहर उद्ध्वस्त झाले होते. अनेकांसाठी ही मदत उशिरा आली, हे कटू सत्य आहे. परंतु जे उरले होते, त्यांच्यासाठी ती वेळेवर आली. राजौरीत १३ एप्रिल हा दिवस आजही राजौरी दिन म्हणून पाळला जातो.

परमवीर चक्र

२६ जानेवारी १९५० रोजी परमवीर चक्राची स्थापना झाली आणि १५ ऑगस्ट १९४७ नंतरच्या पराक्रमांसाठी ते लागू करण्यात आले. या पदकाची रचना सावित्रीबाई खानोलकर यांनी केली. जन्माने युरोपीय असलेल्या या विदुषी विक्रम खानोलकर या मराठी सेनाधिकाऱ्याशी विवाह करून भारतीय झाल्या होत्या. पदकावरील इंद्राच्या वज्राची कल्पना त्यांचीच. १९४७-४८ च्या युद्धासाठी पाच जणांना हा सन्मान मिळाला. त्यांपैकी मेजर सोमनाथ शर्मा, नायक जदुनाथ सिंह आणि हवालदार मेजर पीरू सिंह यांना तो मरणोत्तर होता. लान्स नाईक करम सिंह आणि सेकंड लेफ्टनंट राणे हे दोघे तो स्वीकारण्यास हयात होते. आजवरच्या एकवीस परमवीरांपैकी चौदा जणांना तो मरणोत्तर लाभला, यावरून हयात मानकऱ्यांचे दुर्मीळपण ध्यानात यावे.

राणे यांच्या सन्मानाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. त्यांच्या सन्मानपत्रात किती शत्रू मारले याचा आकडा नाही. आहेत त्या केवळ वेळा आणि अंतरे : किती वाजता कोणता अडथळा दूर झाला, किती यार्ड वाट खुली झाली. मरण पेरलेली जमीन स्वतःच्या हातांनी निर्धोक करून इतरांना पुढे जाऊ देणे, हेच त्यांचे शौर्य. युद्धातही जीव वाचवणारा पराक्रम सर्वोच्च ठरू शकतो, हे या एका सन्मानाने सिद्ध केले.

निवृत्ती आणि स्मरण

अठ्ठावीस वर्षांच्या सेवेत युद्धवृत्तांतांत पाच वेळा त्यांचा गौरवपूर्ण उल्लेख झाला. १९६८ मध्ये ते मेजर या हुद्द्यावरून निवृत्त झाले. ११ जुलै १९९४ रोजी पुण्याच्या कमांड रुग्णालयात, वयाच्या ७६ व्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. म्हणजे निवृत्तीनंतरची सव्वीस वर्षे परमवीर चक्राचा एक मानकरी सामान्य नागरिक म्हणून जगत होता.

देशाने त्यांचे स्मरण ठेवले आहे. १९८४ मध्ये भारतीय नौवहन महामंडळाच्या एका तेलवाहू जहाजाला त्यांचे नाव देण्यात आले. कारवारच्या समुद्रकिनारी त्यांचा पुतळा उभा आहे. २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान-निकोबारमधील एकवीस बेटांना परमवीरांची नावे देण्यात आली, त्यांत एक बेट राणे यांच्या नावाचे आहे. पण जहाजे मोडीत निघतात आणि पुतळे व बेटे दूर असतात. खरे स्मरण माणसांच्या मनात व्हावे लागते.

मीरा-भाईंदरच्या रस्त्यांवर २०१८ मध्ये जमलेल्या त्या जनसमुदायाने शहिदाचा मान कसा राखावा हे दाखवून दिले. त्याच शहरातील एखाद्या इमारतीत, एखाद्या बँकेच्या रांगेत, निवृत्तिवेतनाचे पुस्तक हाती धरून उभा असलेला वृद्ध माजी सैनिकही असेल. कधीकाळी त्यानेही कोणासाठी तरी वाट मोकळी केली असेल. त्याला पुढे जाऊ द्यावे, त्याच्याशी दोन शब्द बोलावेत आणि घरातील मुलांना त्याच्या पायाशी बसवावे. मेजर रामा राघोबा राणे यांच्या पवित्र स्मृतीस याहून अधिक शोभणारे अभिवादन नाही.