'अ‍ॅब्यूज'ला मराठीत काय म्हणायचं?



बॉस्टनच्या पश्चिमेला असलेल्या एका छोट्या नॉनप्रॉफिट संस्थेच्या बोर्डावर मी चार वर्षं आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना घरच्यांकडून होणारा त्रास, शक्यतो तो सुरू व्हायच्या आधीच, थांबवणं हे संस्थेचं काम. बोर्डावर आहे म्हणजे मी फार काही थोर करतो असं समजू नका. घरोघरी जाणारे सोशल वर्कर वेगळे. आमच्या वाट्याला बजेट, ऑडिट, इन्शुरन्स, देणग्यांसाठी फोन, आणि दर वर्षी १५ जूनला वाटायच्या जांभळ्या रिबिनी. (२००६ पासून हा दिवस जगभर या कामासाठी पाळतात.) केसमधल्या लोकांची नावं आम्हाला कळत नाहीत, आणि तेच बरोबर आहे.

तर झालं असं, की आमच्या डायरेक्टरबाई म्हणाल्या, आपल्या भागात भारतीय कुटुंबं वाढली आहेत, आपलं माहितीपत्रक मराठीत करून देशील का? पानभर तर मजकूर. म्हटलं, एका रविवारचं काम. बसलो, आणि पहिल्याच शब्दाला अडलो. एल्डर अ‍ॅब्यूज. 'छळ' लिहिलं तर आपल्या डोळ्यांसमोर सासुरवास आणि रॉकेलचा डबा येतो. 'हेळसांड' म्हणावं तर ती कुंडीतल्या झाडांचीही होते. 'गैरवर्तन' हा तर नोटीस बोर्डावरचा शब्द. शेवटी आईला विचारलं. ती म्हणाली, "आम्ही 'हाल' म्हणायचो. म्हातारपणी फार हाल झाले हो त्यांचे." शब्द चांगला आहे, पण हाल बहुतेक वेळा नुसते 'होतात'. ते केले कोणी, हे वाक्यात यावंच लागत नाही.

मग कुतूहल म्हणून शोधायला लागलो की इंग्रजीत तरी हा शब्द आला कुठून. आणि गंमत म्हणजे इंग्रजीतही तो जुना नाही. १९७५ साली इंग्लंडमधल्या दोन डॉक्टरांनी, बेकर आणि बर्स्टन यांनी, वैद्यकीय नियतकालिकांत वेगवेगळं लिहिलं की आमच्याकडे येणाऱ्या म्हाताऱ्यांच्या अंगावरच्या जखमा सगळ्याच पडून झालेल्या नसतात. त्यांनी वापरलेला शब्द अगदी घरगुती होता: 'ग्रॅनी बॅटरिंग', म्हणजे आजीला मारहाण. मारहाण त्याआधी होत नव्हती असं नाही. पण नाव नसल्यामुळे केस पेपरवर 'पडल्या' एवढंच लिहिलं जायचं.

अमेरिकेत हा विषय आला तो लहान मुलांच्या मागून. १९६२ मध्ये डॉ. हेन्री केम्प यांनी मारहाण झालेल्या मुलांविषयीचा त्यांचा प्रसिद्ध लेख लिहिला आणि त्याच दशकात जवळजवळ सगळ्या राज्यांनी कायदे केले: डॉक्टरला संशय आला तर त्यानं कळवलंच पाहिजे. पुढे १९७८ साली सुझन स्टाइनमेट्झ या समाजशास्त्रज्ञ बाई काँग्रेसच्या समितीपुढे आईवडिलांना होणाऱ्या मारहाणीविषयी बोलल्या. फ्लॉरिडाचे क्लॉड पेपर तेव्हा प्रतिनिधिगृहाच्या वृद्धांविषयीच्या समितीचे अध्यक्ष होते, स्वतः सत्तरीच्या पुढचे. त्यांच्या समितीचा १९८१ चा अहवाल म्हणतो की देशातले साधारण चार टक्के वृद्ध, म्हणजे दहा लाखांच्या आसपास लोक, याला बळी पडत असावेत. वर्तमानपत्रांत मथळे आले. राज्यांनी घाईघाईनं कायदे केले आणि बहुतेकांनी समोर ठेवलेला नमुना होता मुलांच्या कायद्याचा. कळवणं सक्तीचं, मग चौकशी, मग 'संरक्षण'.

इथेच खरी गोम आहे. आठ वर्षांच्या मुलाला "तुला हे चालेल का?" असं विचारून आपण त्याला वाचवत नाही. पण अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला न विचारता वाचवायचं का?

हा प्रश्न मी पुस्तकात वाचला नाही, बोर्डाच्या मीटिंगमध्ये भेटला. दुसऱ्या वर्षी एका केसचा नाव-गाव काढून टाकलेला गोषवारा आमच्यापुढे आला होता (मीही इथे तपशील बदलले आहेत). सत्तरी उलटलेल्या एक भारतीय बाई. मुलगा ओरडतो, क्वचित ढकलतो, फोन काढून घेतो. शेजारणीनं कळवलं. सोशल वर्कर दुभाष्याला घेऊन दोनदा जाऊन आली. बाई शांतपणे म्हणाल्या, मला काही नको, तुम्ही जा. विचारशक्ती शाबूत असलेल्या माणसानं मदत नाकारली तर आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये ती लादता येत नाही. सोशल वर्करनं फोन नंबरचं कार्ड त्यांच्या पदराच्या गाठीत बांधून दिलं आणि केस बंद झाली.

मी भडकलो. म्हटलं, मग आपण पैसे जमवतो ते कशासाठी? कार्डं छापायला? कोणी काही बोललं नाही. मीटिंग संपल्यावर आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ सदस्य, निवृत्त सोशल वर्कर बाई, पार्किंग लॉटमध्ये म्हणाल्या, "ब्लेंकनर वाच, मग बोलू."

वाचलं. मार्गारेट ब्लेंकनर यांनी साठच्या दशकात क्लीव्हलंडच्या बेंजामिन रोझ इन्स्टिट्यूटमध्ये एक प्रयोग केला होता. स्वतःची काळजी घेऊ न शकणारे दीडशेहून जास्त वृद्ध निवडले आणि त्यांचे दोन गट केले. एका गटाला शहरात जी नेहमीची मदत मिळे ती. दुसऱ्याला वर्षभर उत्तमातली उत्तम सेवा: अनुभवी सोशल वर्कर, डॉक्टर, वकील, घरकामाला मदत, सगळं. अपेक्षा अशी की दुसऱ्या गटातली माणसं जास्त जगतील, जास्त काळ आपल्या घरात राहतील. झालं उलटंच. त्यातली जास्त माणसं नर्सिंग होममध्ये पोचली, आणि मृत्यूचं प्रमाण कमी तर झालं नाहीच, थोडं जास्तच निघालं. पुढे त्या आकड्यांच्या गणितावरून पुष्कळ वाद झाले, तेही खरं. पण काळजीनं भारलेली चांगली माणसं म्हाताऱ्यांना भराभर त्यांच्या घरातून उचलतात, हे त्या अभ्यासानं सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवून दिलं होतं. कायदे करणाऱ्यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही.

दुसरा धक्का आमच्याच गावाजवळचा निघाला. स्टाइनमेट्झबाईंच्या मांडणीत त्रास देणारी व्यक्ती म्हणजे सेवा करून करून थकलेली मुलगी किंवा सून. आपल्यासमोर लगेच 'नटसम्राट' (१९७०) उभं राहतं: सगळं देऊन मोकळे झालेले आईबाप आणि त्यांचं ओझं झालेली मुलं. ऐंशीच्या दशकात वुस्टर, सिरॅक्यूज आणि ऱ्होड आयलंड इथे या कामाचे तीन नमुना प्रकल्प चालले होते. वुस्टरच्या रोझली वुल्फ त्यात होत्या. त्यांनी पुढे आयुष्यभर हेच काम केलं आणि १९९७ साली याची आंतरराष्ट्रीय संघटना उभी केली. त्या प्रकल्पांतल्या केसेस कार्ल पिलेमर यांनी तपासल्या (१९८५) तर दिसलं वेगळंच. त्रास सोसणारे म्हातारे इतरांपेक्षा जास्त परावलंबी नव्हते. परावलंबी होता तो त्रास देणारा. घर म्हाताऱ्याचं, चेक म्हाताऱ्याचा, आणि पन्नाशीचा बेकार मुलगा तळघरात. १९८८ मध्ये पिलेमर आणि फिंकेलहॉर यांचा बॉस्टन परिसरातल्या २०२० वृद्धांचा अभ्यास आला. हजारी ३२ जणांना मारहाण, सततची शिवीगाळ किंवा दुर्लक्ष सोसावं लागलेलं. आणि सोसायला लावणारं कोण? निम्म्याहून जास्त वेळा नवरा किंवा बायको. मुलं साधारण चौथा हिस्सा.

म्हणजे 'थकलेली सून' ही गोष्ट खोटी नाही, पण तीच मुख्य गोष्ट नाही. आणि ती मुख्य मानली की उपायही चुकतात: सुनेला चार दिवस विश्रांती देता, आणि तळघरातला मुलगा तिथेच राहतो.

कळवण्याच्या सक्तीचं काय झालं? १९९१ मध्ये सरकारच्याच जनरल अकाउंटिंग ऑफिसनं राज्यांना विचारलं. उत्तर असं आलं की केसेस उजेडात यायला सक्तीपेक्षा लोकांना आणि डॉक्टर-नर्सना विषय माहीत असणं जास्त उपयोगी पडतं. न्यूयॉर्कनं सक्तीचा हा मार्ग घेतलाच नाही. अर्थात तिथेही २०११ च्या अभ्यासात दिसलं की लोक स्वतः सांगतात ते प्रकार अधिकृत नोंदींच्या जवळजवळ चोवीस पट आहेत. केंद्रानं कायदा केला तो २०१० साली, ओबामांच्या आरोग्य कायद्याच्या पोटात, आणि त्यासाठी मंजूर झालेला पैसा आला तो थेंबाथेंबानं. (आमच्या बजेटचे हाल त्यावरून ओळखा. इथे हा शब्द अगदी चपखल बसतो.)

आता आपल्या घरात येऊ. १९६५ साली लिंडन जॉन्सन यांनी वृद्धांसाठीचा ओल्डर अमेरिकन्स अ‍ॅक्ट, मेडिकेअर आणि नवा इमिग्रेशन कायदा, अशा तिन्हींवर काही महिन्यांत सह्या केल्या. तिसऱ्यामुळे अमेरिकन नागरिकांचे आईवडील कोट्याच्या बाहेर आले, म्हणून तर तुम्ही-आम्ही त्यांना आणू शकलो. पण पहिल्या दोन कायद्यांशी त्यांची गाठ सहज पडत नाही. १९९६ च्या कायद्यांनी नव्या ग्रीनकार्डवाल्यांना पहिली पाच वर्षं बहुतेक केंद्रीय मदत बंद केली, आणि स्पॉन्सर करणाऱ्या मुलाकडून घ्यायच्या अ‍ॅफिडेविटला कोर्टात बजावता येईल असा करार बनवलं. मेडिकेअर विकत घ्यायचं तरी आधी पाच वर्षं सलग इथे राहावं लागतं. तो आय-८६४ फॉर्म आपण सगळ्यांनी टॅक्स रिटर्नच्या प्रतींबरोबर भरला, आणि बहुतेकांनी न वाचता. त्यात आपण लिहून देतो की यांचा खर्च मी करीन. आईवडील त्यावरून आपल्याला कोर्टातही खेचू शकतात! पण कोणती आई खेचेल?

भारतातला २००७ चा कायदाही मुळात निर्वाहाचाच: आईवडील ट्रायब्यूनलकडे अर्ज करतात, मुलांनी महिना द्यायचा. त्यातलं कलम २३ मात्र आपल्यातल्या पुण्या-ठाण्याचे फ्लॅट बक्षीसपत्रानं घेणाऱ्यांनी वाचावं. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळलं नाही, तर ते देणं रद्द होऊ शकतं. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं की तशी अट असल्याचं दिसलं पाहिजे. जानेवारी २०२५ च्या एका निकालात त्याच कोर्टानं कायद्याकडे जरा सढळपणे पाहून आईला तिचं घर परत दिलं. तरी बक्षीसपत्र करणाऱ्यांनी अट कागदावर लिहूनच घ्यावी.

तर इथल्या आपल्या घरांत परावलंबन दोन्ही बाजूंनी असतं. त्यांना आपल्याशिवाय ग्रोसरीलाही जाता येत नाही. गाडी नाही, इंग्रजी नाही, क्रेडिट हिस्टरी नाही. आणि आपलं नातवंडांचं पाळणाघर त्यांच्यावर चालतं. हे अ‍ॅब्यूज नाही. पण उद्या कोणी वाईट वागायचं ठरवलं, तर त्याला वेगळं काही करावं लागत नाही, सगळी व्यवस्था आधीच लागलेली असते. म्हणून बोर्डात मी हल्ली जे मागतो ते फार कंटाळवाणं असतं: सीनियर सेंटरच्या व्हॅनचा एक जादा थांबा, फोनवर मराठी-गुजराती-तेलुगू दुभाष्या, बँकेत स्वतःच्या नावानं खातं उघडून देणारी एक शनिवारची बैठक. देणगीदारांना यात काही रोमांचक वाटत नाही.

माहितीपत्रकाच्या मागच्या पानावर काही प्रश्न आहेत. डेट्रॉइटच्या वेन स्टेट युनिव्हर्सिटीत १९८६ साली ह्वालेक आणि सेंगस्टॉक यांनी पंधरा प्रश्नांची एक चाचणी केली होती, त्याच धर्तीवरचे. त्यातला एक विचारतो, तुम्ही कुठे राहायचं, कसं राहायचं, हे कोण ठरवतं? मराठी कळतं का बघायला मी ते आईला वाचून दाखवत होतो. ती म्हणाली, "तूच की. आणखी कोण?"

तिचा पासपोर्ट, ग्रीनकार्ड, बँकेचं कार्ड, सगळं माझ्या ऑफिसच्या कपाटात, लेबल लावलेल्या फाइलमध्ये होतं. नऊ वर्षं. हरवू नये म्हणून. ती फाइल आणून मी तिच्यासमोर ठेवली. तिनं एकेक कागद काढून पाहिला, पासपोर्टातल्या फोटोला हसली आणि म्हणाली, "तुझ्याकडे होतं त्यात काय वाईट होतं? तू काय मारतोस का मला?" मला उत्तर देता येईना. मग तिनं फाइल तिच्या पोथ्यांच्या पेटीत ठेवली, कुलूप लावलं, आणि किल्ली कमरेला खोचत विचारलं, "पिन नंबर काय आहे रे त्या कार्डाचा?"

पत्रकात मी शेवटी 'हाल'च ठेवलं. 'वृद्धांचे हाल करणं' असं, कर्ता येईल असं. आणि त्या पदराच्या गाठीतल्या कार्डावरून पुढे कधी फोन आला की नाही, ते बोर्डाला कळत नाही.