चुका मोजण्याचा सुवर्णकाळ

अमेरिकेत दर ऑगस्टमध्ये ड्रम कोअर इंटरनॅशनलची, म्हणजे मैदानावर कवायत करत वाजवणाऱ्या पथकांच्या स्पर्धेची, अंतिम फेरी होते आणि निकाल लागला की जुन्या जाणत्यांचं ठरलेलं गाऱ्हाणं सुरू होतं: 1983 पर्यंत परीक्षण होतं, पुढे नुसती मर्जी उरली. पूर्वी परीक्षक चूक पकडायचा, लिहून घ्यायचा, गुण कापायचा. चूक झाली की झाली, तिथे आवडीनिवडीला वाव कुठला? आता ‘परिणाम’ आणि ‘आशय’ असल्या हवेतल्या गोष्टींना गुण पडतात, ते तीन दशांश स्थळांपर्यंत मोजल्याचा आव आणला जातो, आणि ज्या पथकासाठी अख्खं स्टेडियम उभं राहिलं ते खाली घसरतं. तिकडे स्थायिक झालेल्या आणि मुलांमुळे या स्पर्धांच्या नादी लागलेल्या मराठी मंडळींकडूनही हे मी ऐकलं आहे. ऐकायला ते चोख वाटतं. तपासायला बसलं की त्याचा एकेक सांधा निखळू लागतो.

पूर्वपक्षाचं मूळ समजून घेतलं पाहिजे. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकन लीजनसारख्या माजी सैनिकांच्या संघटनांनी गावोगावी बिगुल आणि ढोलांची पथकं उभी केली. स्पर्धा त्यांच्या, नियम त्यांचे, तेव्हा परीक्षणही लष्करी थाटाचं. एकेकाळी तर वादनाआधी गणवेशाची तपासणी व्हायची आणि कळकट बूट किंवा सुटलेलं बटण दिसलं की गुण जायचे. मैदानावरची ‘टिक’ त्याच परंपरेतली. पथकाला आरंभी पूर्ण गुण बहाल. परीक्षक हातात फळी घेऊन वादकांच्या मधून फिरणार आणि चूक दिसली-ऐकली की एक खूण करणार. एक खूण म्हणजे एक दशांश गुण वजा. पथकांनी 1971 मध्ये ड्रम कोअर इंटरनॅशनल ही स्वतःची संघटना काढली, 1972 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला पहिलं अजिंक्यपद भरवलं, तरी टिक तशीच राहिली. ती गेली 1984 च्या हंगामापासून. तेव्हापासून गुण कापत खाली यायचं नाही, शून्यापासून वर चढायचं.

आता पूर्वपक्षाचं अनुमान असं: टिकेची पद्धत न्याय्य होती, कारण तिच्यात परीक्षकाच्या मताला जागा नव्हती. आपल्या नैयायिकांच्या भाषेत हा हेतू स्वरूपासिद्ध आहे. ज्या कारणावर सगळी इमारत उभी, ते कारण त्या पद्धतीत मुळात नाहीच.

स्नेअर ड्रमवाल्यांची एक रांग घ्या, नऊ जणांची. लांबलचक रोल सुरू होतो, आणि उजवीकडून तिसरा पोरगा केसभर उशिरा शिरतो. ही एक टिक. पुढच्याच क्षणी त्याला गाठण्याच्या नादात शेजारचा घसरतो. ही दुसरी टिक, की पहिल्याच चुकीचं शेपूट? आणि नऊच्या नऊ जण मिळून ठोका चुकवतात तेव्हा कापायचं एकदा की नऊदा? चुका मोजायच्या तर ‘एक चूक’ म्हणजे केवढी, हे आधी ठरवावं लागतं, आणि ते पुस्तकात कितीही लिहिलं तरी मैदानावर, चालता चालता, डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवतो तो परीक्षकच. मत तिथे होतंच. एका खुणेमागे दडल्यामुळे ते कोणाला दिसत नव्हतं, इतकंच.

दुसरी अडचण भौतिकशास्त्राची आहे, आणि तिच्याबद्दल टिकेचे भक्त कधीच बोलत नाहीत. अमेरिकन फुटबॉलचं मैदान, जिथे या स्पर्धा होतात, शंभर यार्ड लांब, म्हणजे सुमारे 91 मीटर. रुंदी सुमारे 49 मीटर. ध्वनी सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. मागच्या रेषेवर पडलेला ठोका पुढच्या रेषेवर पोचायला सेकंदाचा सातवा हिस्सा लागतो. मिनिटाला 180 मात्रांची लय धरली तर एक मात्रा सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. म्हणजे मैदान नुसतं ओलांडण्यात जवळजवळ अर्धी मात्रा गेली. लांबीच्या दिशेने तर पाव सेकंदाहून जास्त. म्हणूनच पुढच्या रेषेवर मरिंबा, व्हायब्राफोन घेऊन उभे असलेले वादक, ढोल मागे असले की, समोरून हाताने लय दाखवणाऱ्या ड्रम मेजरवर विसंबत नाहीत. मागून ढोलांचा आवाज कानावर येतो, त्यात ते आपलं वाजवणं मिसळतात. त्यांनी काटेकोरपणे हातावर वाजवलं, तर गॅलरीत बसलेल्याला ते घाई केल्यासारखं ऐकू येईल. सगळा मेळ जुळवलेला असतो तो समोरच्या गॅलरीतल्या कानांसाठी. मैदानाच्या मधोमध उभ्या परीक्षकाला पुढचं आणि मागचं वेगवेगळं ऐकू येणारच. ती चूक म्हणायची का? जाणते परीक्षक हे ओळखून होते, म्हणून एका तुकडीजवळ उभं राहून तिचंच ऐकायचे. ठीक. मग त्या मिनिटात उरलेल्या मैदानावर झालेल्या चुका कोणी मोजल्या? कोणीच नाही. वर्षानुवर्षं ‘निरपेक्ष मोजणी’ म्हणून मिरवलेली ही गोष्ट, परीक्षक जिथे उभा होता तिथला नमुना होती.

तिसरा दोष मला सगळ्यात मोठा वाटतो. टिक फक्त फसलेलं पाहते. जे करून पाहायचं धाडसच झालं नाही, ते तिच्या लेखी बिनचूक. सोपी चाल, सरळ रांगा, ओळखीची धून घेऊन निर्धास्त वाजवणाऱ्याच्या नावापुढे थोड्या खुणा; पळत पळत वळणं घेत कठीण वाजवणाऱ्याच्या नावापुढे ढीग. अवघड कामाचा मोबदला ज्या रकान्यातून मिळायचा, तो टिकेचा रकाना नव्हता.

इथे समोरचा पक्ष त्याचा हुकमी पत्ता काढतो: 1983 ची गारफील्ड कॅडेट्स. कवायत-रचनाकार जॉर्ज झिंगाली यांनी त्यांच्यासाठी जी मांडणी केली तिने जुन्या सममित चौकटीच मोडल्या. वक्राकार, तिरक्या, क्षणाक्षणाला बदलणाऱ्या आकृत्या, आणि त्याही झपाट्याने. ते पथक जिंकलं, आणि तेही टिकेच्या शेवटच्या वर्षी! मग टिक धाडस मारते हे कशावरून? प्रश्न रास्त आहे. उत्तर एवढंच, की टिकेच्या काळातही सगळी गुणपत्रिका टिकेची नव्हती. ‘जनरल इफेक्ट’ नावाचा, एकूण परिणामाचा मोठा हिस्सा तेव्हाही होता, आणि तो परीक्षकाच्या मतावरच दिला जायचा. म्हणजे ज्या शुद्ध मोजणीच्या युगासाठी लोक हळहळतात, ते युग कधी नव्हतंच. कॅडेट्सचा विजय दाखवून पूर्वपक्ष आपलंच म्हणणं खोडतो.

खंडन इथवर. आता आजची पद्धत.

आज शंभरपैकी चाळीस गुण एकूण परिणामाचे, तीस संगीताचे, तीस दृश्याचे. जवळपास प्रत्येक परीक्षकाच्या कागदावर दोन बाजू असतात: काय करायला घेतलं आणि ते कितपत साधलं. सोपं घेऊन चोख वाजवणाऱ्याला पहिल्या बाजूवर अडकवता येतं, अवघड घेऊन गोंधळ घालणाऱ्याला दुसऱ्या. बारा मिनिटांच्या आतबाहेरचा कार्यक्रम चालू असताना परीक्षक सतत बोलत असतो आणि ते ध्वनिमुद्रित होऊन पथकाच्या शिक्षकांकडे जातं. ‘इथे ट्रम्पेट उशिरा, इथे कलर गार्डचा झेंडा संगीताच्या आधी उठला’ असं सगळं. हंगामातल्या कित्येक स्पर्धांनंतर शिक्षक आणि परीक्षक समोरासमोर बसतात आणि परीक्षकाला आपले आकडे पटवून द्यावे लागतात. ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील’ एवढ्या एका ओळीवर आपल्याकडच्या ढोल-ताशाच्या आणि एकांकिकांच्या स्पर्धा निभावून नेतात. त्या ओळीमागे का आणि कसं, हे हरलेल्यालाही कळत नाही आणि जिंकलेल्यालाही. टिकेच्या खुणेनंही यापलीकडे काही सांगितलं नाही.

राहिली ती तीन दशांश स्थळं. 2008 मध्ये फँटम रेजिमेंट ‘स्पार्टाकस’ घेऊन जिंकली 98.125 गुणांनी; ब्लू डेव्हिल्सना 98.100. ‘पंचवीस सहस्रांशाचा फरक कोणाला ऐकू येतो?’ असा टोमणा तेव्हापासून मारला जातो. कोणालाच येत नाही, आणि तसा दावाही कोणी करत नाही. तो आकडा म्हणजे तापमापकावरचा अंश नव्हे. परीक्षकाचं काम त्या संध्याकाळी कोण कोणाच्या पुढे आणि साधारण किती पुढे, हे सांगण्याचं. संगीताच्या आणि दृश्याच्या रकान्यांत वीसपैकी दिलेले गुण बेरजेत निम्मे होतात, कुठे दोघा परीक्षकांची सरासरी निघते, आणि त्या भागाकारातून तिसरं दशांश स्थळ आपोआप उगवतं. ते हिशेबाचं उप-उत्पादन आहे. परीक्षकांचे क्रम आपसात विभागले, म्हणजे स्पर्धा खरोखर अटीतटीची झाली, असा त्याचा अर्थ. आणि हिशेब बरोबरीवर आला तर तीही मान्य केली जाते: 1996, 1999 आणि 2000 या तिन्ही वर्षी अजिंक्यपद दोन-दोन पथकांत वाटलं गेलं. ओढूनताणून एकच विजेता काढण्यापेक्षा हे मला प्रामाणिक वाटतं.

टाळ्यांच्या कौलाबद्दल मात्र फार बोलायची गरज नाही. 1993 मध्ये स्टार ऑफ इंडियाना बार्बर आणि बार्टोकचं कोरडं, करडं संगीत घेऊन आली. ओळखीच्या धुनांसाठी आलेला बराचसा प्रेक्षक थंड राहिला, काहींनी तर हुर्यो केली. परीक्षकांनी तिला दुसरं ठेवलं, पहिल्यापासून अवघ्या दशांश गुणाच्या अंतरावर. आज याच क्षेत्रातली माणसं तो कार्यक्रम वळणबिंदू म्हणून सांगतात, आणि त्याच संस्थेतून निघालेल्या ‘ब्लास्ट!’ला 2001 मध्ये ब्रॉडवेवर टोनी मिळाला. टाळ्यांवर निकाल लावला असता, तर ते पथक दुसरं तरी आलं असतं का?

म्हणजे आजच्या पद्धतीत खोट नाही? आहे, आणि ती मोठी आहे. फक्त टिकवाले बोट ठेवतात तिथे नाही. खोट क्रमात आहे. अंतिम फेरीत उपांत्य फेरीतलं सर्वांत खालचं पथक आधी उतरतं आणि सर्वांत वरचं शेवटी. परीक्षकाला पहिल्या पथकाचे आकडे देतानाच माहीत असतं, की वर अकरा जणांसाठी जागा राखायची आहे. त्यामुळे रात्र चढत जाते तसे आकडेही चढत जातात, आणि त्या रात्री जीव ओतून वाजवणारं सातवं पथक सहाव्याच्या जागी सरकलं तरी पुष्कळ. नावाचा दबदबा, आदल्या आठवड्याचे गुण, आधीच्या परीक्षकांनी काय दिलं याची कुणकुण, या सगळ्याला त्या क्रमामुळे आसरा मिळतो. टिक परत आणली म्हणून यातलं काहीही हलणार नाही. फळी हातात असलेल्या माणसालाही विजेत्यांचं नाव ठाऊक असतंच. उपाय आहे चिठ्ठ्या टाकण्याचा: अंतिम फेरीतला क्रम सोडतीवर ठरवा, गतविजेत्यांना तिसऱ्या नंबरावर मैदानात उतरू द्या, आणि मग बघा आकडे कसे बसतात. मोठ्या संस्थांना शेवटचं मानाचं स्थान सोडवणार नाही, प्रेक्षकांनाही रात्रीचा चढता आलेख हवा असतो, तिकिटंही त्यावरच खपतात. पण परीक्षणाबद्दल तक्रार करायचीच असेल तर ती या सोडतीसाठी करावी.