एरंडेल तेल : दिव्यापासून विमानापर्यंत

निष्फळ, कंटाळवाण्या लांबणीला मराठीत 'एरंडाचे गुऱ्हाळ' म्हणतात. उद्योगांच्या इतिहासात मात्र एरंडाला मोठे मानाचे स्थान आहे. त्याचे कारण रेणूच्या रचनेत सापडते.

एरंडेलातील मेदाम्लांपैकी सुमारे 85 ते 90 टक्के वाटा रिसिनोलेइक आम्लाचा असतो. या आम्लाच्या 18 कार्बनच्या साखळीत 9व्या व 10व्या कार्बनमध्ये दुहेरी बंध आणि 12व्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट असतो. या गटामुळे रेणू एकमेकांना धरून राहतात. म्हणून हे तेल इतर खाद्यतेलांपेक्षा पुष्कळ दाट असते, अल्कोहोलमध्ये मिसळते, पण पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही.

भारतात ते पूर्वापार दिव्यासाठी, औषधासाठी आणि चाकांच्या वंगणासाठी वापरात होते. 19व्या शतकाच्या उत्तरार्धात त्यावर गंधकाम्लाची प्रक्रिया करून पाण्यात मिसळणारे 'टर्की रेड ऑइल' बनू लागले व कापडाच्या रंगाईत रुळले.

पहिल्या महायुद्धात एरंडेलाला युद्धसाहित्याचे महत्त्व आले. तेव्हाच्या अनेक विमानांत रोटरी इंजिन असे. त्यात पंख्याबरोबर सिलिंडरही फिरत आणि इंधनाचे मिश्रण क्रँककेसमधूनच जाई. साधे खनिज तेल त्या पेट्रोलने धुऊन गेले असते; एरंडेल टिकून राही. वापरलेले तेल धुरासोबत बाहेर पडे, त्यामुळे त्याचा खपही मोठा होता. 1918 मध्ये अमेरिकेने आपल्या दक्षिणेकडील राज्यांत एरंडीची मुद्दाम लागवड करवली. 1909 मध्ये बाजारात आलेल्या 'कॅस्ट्रॉल' या वंगणाच्या नावातही 'कॅस्टर' आहेच.

रोटरी इंजिने मागे पडली. शिवाय जास्त तापमानाला एरंडेलाचा चिकट थर जमतो, म्हणून खनिज तेलांनी त्याची जागा घेतली. तरीही ते संपले नाही, कारण आता ते रसायनांचा कच्चा माल झाले. त्याचे हायड्रोजनीकरण करून मिळणाऱ्या 12-हायड्रॉक्सीस्टिअरिक आम्लापासून लिथियम ग्रीस बनते. अल्कलीसोबत तापवल्यास सेबॅसिक आम्ल मिळते, ते नायलॉन 6,10 साठी लागते. निर्जलीकरण केल्यास रंग-वार्निशासाठी सुकणारे तेल मिळते. 1940च्या दशकात फ्रान्समध्ये एरंडेलापासूनच नायलॉन-11 विकसित झाले. वाहनांच्या एअरब्रेकच्या नळ्यांत ते वापरतात.

एक सावधगिरी लक्षात ठेवा. एरंडीच्या बियांत रिसिन हे जहाल विष असते. ते तेलात विरघळत नाही, पेंडीत राहते. म्हणून ही पेंड उष्णतेने निर्विष केल्याशिवाय जनावरांना घालू नये.

आज एरंडीच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे आणि त्यातही सर्वात मोठा वाटा गुजरातचा. 1968 मध्ये तेथे प्रसारित झालेल्या 'जीसीएच-3' या संकरित वाणाने या पिकाला मोठी चालना दिली. पण आपले बरेचसे एरंडेल परदेशी जाते आणि त्यापासून महाग रसायने व प्लॅस्टिके तेथे बनतात. बी पेरणाऱ्याला मिळणारा भाव आणि शेवटच्या वस्तूची किंमत यांतील अंतर कमी करायचे, तर रासायनिक प्रक्रियेचे कारखाने शेताजवळ हवेत. ते उभारण्याचे काम तुमच्या पिढीच्या अभियंत्यांचे आहे.

विचार करा : 12व्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट नसता, तर वरीलपैकी कोणते उपयोग शक्य झाले नसते?