सेवा आणि सक्ती

समाजसेवेच्या इतिहासांत ज्यांचीं चरित्रें लिहिलीं जातात, ते बहुधा स्वतःहून पुढें आलेले लोक असतात. घर सोडून, पैसा सोडून, मान सोडून ते सेवेला लागले, म्हणून त्यांचीं नांवें आपल्या ध्यानांत राहिलीं. परंतु विसाव्या शतकांत निरनिराळ्या देशांनीं सेवेची शिकवण शाळा-महाविद्यालयांच्या वेळापत्रकांत घातली, आणि त्याबरोबर एक अगदीं निराळें पात्र रंगभूमीवर आलें. तें म्हणजे मनांत नसतांना सेवापथकांत ओढला गेलेला विद्यार्थी. रविवारची सकाळ अंथरुणांत घालवावी एवढीच त्याची इच्छा असते. पण मित्रानें नांव दिलें म्हणून, गुण मिळतात म्हणून, किंवा शिक्षकांचा शब्द मोडवत नाहीं म्हणून तो हातांत खराटा घेऊन उभा राहतो. श्रोतेहो, आज मी आपणांस ह्या नाखूष सेवकाचा इतिहास सांगणार आहें. तो कोणी वीरपुरुष नव्हे. पण सक्तीनें सेवा घडते काय, हा प्रश्न फिरून फिरून त्याच्याचपाशीं येऊन थांबतो, आणि त्याच्या उत्तराचा संबंध आपल्या घरोघरच्या मुलांशीं आहे.

महाराष्ट्रांत हा प्रश्न आरंभीं फारसा उद्भवला नाहीं, ह्याचें कारण समजण्यासारखें आहे. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्यें साताऱ्यास वसतिगृह काढलें. तेथें नाना जातींचीं मुलें एकत्र राहत, एकत्र जेवत आणि आपल्या हातांनीं कामें करीत. १९२७ मध्यें महात्मा गांधींच्या हस्तें त्या वसतिगृहाला श्री छत्रपति शाहू बोर्डिंग हाउस असें नांव देण्यांत आलें. तेथील मुलाला ‘तूं श्रम करशील काय?’ असें विचारण्याचें प्रयोजनच नव्हतें. श्रमावांचून त्याचें शिक्षण होणेंच शक्य नव्हतें. १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्ध्याच्या शिक्षण परिषदेंत गांधीजींनीं हस्तोद्योगाभोंवतीं सारें शिक्षण गुंफण्याची कल्पना मांडली. तिच्यांतहि श्रम हा शिक्षणाचा पाया होता, वर लावलेलें ठिगळ नव्हतें. १९४१ पासून राष्ट्र सेवा दलाच्या शाखांवर जमणारीं मुलें तर स्वतःच्या ओढीनें जमत. गरज म्हणा, ध्येय म्हणा, दोहोंपैकीं एक तरी ह्या मुलांच्या पाठीशीं उभें होतें. अडचण पडली ती ज्याला गरजहि नाहीं आणि ओढहि नाहीं अशा सुखवस्तु घरांतील विद्यार्थ्याची.

अशा विद्यार्थ्याचें काय करावें, ह्याचें एक रोखठोक उत्तर अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स ह्यांनीं १९१० मध्यें प्रसिद्ध केलेल्या एका निबंधांत दिलें होतें. युद्धामुळें तरुणांच्या अंगीं शिस्त, कणखरपणा व सार्वजनिक कर्तव्याची जाणीव येते. तेंच शिक्षण रक्तपातावांचून द्यावयाचें असेल, तर लष्करभरतीप्रमाणें तरुणांची श्रमभरती करावी. श्रीमंतांच्या मुलांना खाणींत, मासेमारीच्या गलबतांवर, रस्त्यांच्या कामावर आणि भांडीं घासावयास धाडावें, असें त्यांचें म्हणणें. जेम्स स्वतः युद्धाचे विरोधक होते. पण कल्पना ज्याच्या हातीं पडेल त्याचें रूप घेते. १९३५ च्या जूनमध्यें नाझी जर्मनीनें कायदा करून तरुणांवर सहा महिन्यांची श्रमसेवा लादली. तेथील मुलें बंदुकीप्रमाणें खांद्यावर फावडीं घेऊन संचलन करीत, आणि थोड्याच वर्षांत फावड्यांच्या जागीं खरोखरीच्या बंदुका आल्या.

स्वतंत्र भारतापुढें हे दोन्ही धडे होते. राधाकृष्णन आयोगानें १९४८-४९ मध्यें विद्यार्थ्यांच्या राष्ट्रसेवेचा पुरस्कार केला, तो स्वेच्छेच्या तत्त्वावर. पुढें १९५८ मध्यें पंतप्रधान नेहरूंनीं मुख्यमंत्र्यांना लिहिलेल्या पत्रांत, पदवी मिळण्यापूर्वीं विद्यार्थ्यानें समाजसेवा केलेली असावी, ही कल्पना मांडली. आणि १९५९ मध्यें तिचा तपशील ठरविण्याकरितां डॉ. चिंतामणराव देशमुख ह्यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमण्यांत आली. महाडजवळच्या नाते गांवीं जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले, आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्यें अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देणारे ते हे चिंतामणराव. स्वतःच्या विवेकापुढें अधिकारपद तृणवत् लेखणाऱ्या ह्या पुरुषाच्या समितीनें तरुणांसाठीं मात्र सक्तीची शिफारस करावी, हा योग विचार करण्याजोगा आहे. माध्यमिक शाळा संपवून महाविद्यालयांत जाऊं इच्छिणाऱ्या प्रत्येकानें नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रसेवा करावी. तींत कांहीं लष्करी शिक्षण, कांहीं समाजसेवा, कांहीं अंगमेहनत आणि कांहीं सामान्य शिक्षण असावें, अशी ती योजना होती.

सक्तीच्या बाजूनें जें म्हणतां येतें तें कमी वजनाचें नाहीं. सेवा केवळ ऐच्छिक ठेवली तर जे मुळांतच सहृदय आहेत तेवढेच येतील, आणि ज्यांना तिची खरी जरूर आहे तेच नेमके दूर राहतील. औषध निरोग्यानें घ्यावें आणि रोग्यानें टाळावें, तशांतलाच हा प्रकार झाला. तरीहि खर्चाच्या व अंमलबजावणीच्या अडचणींपुढें ती योजना मागें पडली. १९६० मध्यें शिक्षणतज्ज्ञ के. जी. सैयदैन ह्यांनीं अनेक देशांतील युवकसेवेचा अभ्यास करून अहवाल दिला, आणि ही सेवा तूर्त ऐच्छिकच ठेवावी असें सुचविलें.

सक्तीची परीक्षा पाहण्याची संधि मात्र लवकरच आली. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर, १९६३ मध्यें, राष्ट्रीय छात्रसेना महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सक्तीची करण्यांत आली. १९४८ च्या कायद्यानें स्थापन झालेली ही संघटना तोंवर हौसेनें येणाऱ्यांची होती. हौसेनें आलेला मुलगा उन्हांत उभा राहतो तो आपल्या पथकासाठीं. हुकुमानें आलेला उभा राहतो तो हजेरीसाठीं. १९६८ मध्यें छात्रसेना पुन्हां ऐच्छिक झाली. देशावर संकट आलेलें, सर्वांचीं मनें उचंबळलेलीं, अशा काळांत सुरू झालेल्या सक्तीचा संसारहि पांच वर्षांपलीकडे टिकला नाहीं, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

ह्या साऱ्या अनुभवानंतर, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षीं, २४ सप्टेंबर १९६९ रोजीं, शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव ह्यांनीं राष्ट्रीय सेवा योजनेचा आरंभ केला. प्रारंभीं तींत ३७ विद्यापीठें आणि सुमारें ४०,००० विद्यार्थी होते. वर्षाला १२० तास, म्हणजे दोन वर्षांत २४० तास सेवा, आणि एखाद्या दत्तक गांवांत सात दिवसांचें शिबिर, असा तिचा सांगाडा पुढें स्थिर झाला. कोणार्कच्या सूर्यमंदिरांतील रथचक्रावरून तिचें चिन्ह घेतलेलें आहे. १९७२ च्या दुष्काळानें महाराष्ट्र होरपळल्यानंतर, १९७३ मध्यें, दुष्काळाशीं सामना हाच योजनेच्या शिबिरांचा देशभर विषय ठेवण्यांत आला होता.

योजना ऐच्छिक खरी; परंतु अनेक विद्यापीठांनीं तिला गुणांची सवलत जोडली. येथें आपला नाखूष विद्यार्थी पुन्हां दारांतून आंत आला. ह्या खेपेस त्याला हुकुमानें नव्हे, लाभानें आणलें. गुणांसाठीं केलेली सेवा ही सेवा नव्हे, तो व्यापार आहे, असा आक्षेप ह्यावर घेतला जातो. आक्षेप वरवर पाहतां बिनतोड वाटतो. पण त्यांत एक गफलत आहे. माणूस दारांत कोणत्या हेतूनें शिरला, एवढ्यावरून तो बाहेर पडतांना कसा असेल हें ठरत नाहीं. आपण स्वतः पहिल्या दिवशीं शाळेंत गेलों, ते काय ज्ञानाच्या तळमळीनें गेलों? आईनें बोट धरून नेलें म्हणून गेलों. विद्येची गोडी लागली असेल तर ती पुढें लागली, आणि ती लागण्यासारखें आंत कांहीं होतें म्हणूनच लागली.

तेव्हां खरा प्रश्न दाराचा नसून आंतील कामाचा आहे. शाळांतील दुसऱ्या एका प्रयोगानें ह्याची साक्ष दिली आहे. १९७७ मध्यें ईश्वरभाई पटेल समितीनें शालेय अभ्यासक्रमांत ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ हा विषय घालण्याची शिफारस केली. कल्पना उत्तम होती, आणि नांवांतील प्रत्येक शब्द मोलाचा होता. पण पुष्कळ घरांत तिचें काय झालें हें आपण जाणतों. आदल्या रात्रीं आईनें शिवून दिलेली पिशवी, ताईनें रंगविलेला पुठ्ठ्याचा आकाशकंदील, आणि सकाळीं वहीवर शिक्षकांची सही! त्या पिशवीची वाट कोणीहि पाहत नव्हतें. जिची कोणी वाट पाहत नाहीं अशी वस्तु करण्यांत मुलाचा जीव कसा रमावा? छायाचित्रापुरतें रोप लावून परतणाऱ्या पथकांचीहि हीच कथा. मुलें भोळीं असलीं तरी आंधळीं नसतात. काम खोटें आहे हें त्यांना सर्वांआधीं कळतें.

अटी घालण्याचा मोह इतर देशांनाहि सुटलेला नाहीं. अमेरिकेंत पेन्सिल्व्हेनिया राज्यांतील बेथलेहेम येथील शाळांनीं १९९० मध्यें विद्यार्थ्यांना ६० तासांची समाजसेवा आवश्यक केली. तिच्यावांचून शाळा संपविल्याचें प्रमाणपत्र मिळावयाचें नाहीं. कांहीं पालक व विद्यार्थी न्यायालयांत गेले, आणि ज्या घटनादुरुस्तीनें तेथील गुलामगिरी नष्ट केली तिचाच आधार घेऊन त्यांनीं ही वेठ आहे असा दावा मांडला. १९९३ मध्यें अपील न्यायालयानें तो दावा फेटाळला. कायद्याच्या दृष्टीनें निर्णय योग्यच असेल. पण एखादें काम वेठ नव्हे एवढेंच न्यायालय सांगूं शकतें. तें काम सेवा झालें कीं नाहीं, हें ठरविणें त्याच्या हातीं नसतें.

मग तें ठरतें कोठें? मला वाटतें, आपल्याकडील शिबिरांतल्या एका साध्या कामांत ह्याचें उत्तर सांपडतें. तें काम म्हणजे वनराई बंधारा. पावसाळा सरल्यावर, ओढ्याची धार आटण्यापूर्वीं, सिमेंटचीं रिकामीं पोतीं माती व वाळूनें भरतात, त्यांचीं तोंडें शिवतात, आणि गवंडी विटा रचतो त्याप्रमाणें सांधे चुकवून प्रवाहाच्या आडवीं रचतात. यंत्र लागत नाहीं, मोठा खर्च लागत नाहीं. माणसें मात्र पुष्कळ लागतात. भरलेलें पोतें हातोहात पुढें सरकत जातें, आणि रांगेंतील एक जण खालीं बसला कीं सारी रांग अडते.

ह्या रांगेंत आपला नाखूष विद्यार्थीहि उभा असतो. पहिला तासभर तो घड्याळाकडे पाहतो. पण अलीकडून पोतें येतें, पलीकडे कोणाचे तरी हात रिकामे पसरलेले असतात, आणि मध्यें तो असतो. तेथें उपदेशाला जागा नाहीं आणि सबबीलाहि नाहीं. दिवस कलतां कलतां बांधाच्या वरच्या अंगास पाणी चढूं लागतें. एखादा शेतकरी काठावर उभा राहून, यंदा हरभऱ्याला एक पाणी अधिक मिळेल, एवढेंच बोलून जातो. त्या वाक्यानें जें होतें तें गुणपत्रिकेनें होत नाहीं. आपण नसतों तर हें काम अडलें असतें, आणि हें काम खरोखरीच कोणाला तरी हवें होतें, ह्या दोन गोष्टी मुलाला एकाच दिवशीं उमगतात. सगळ्यांना उमगतात असा माझा दावा नाहीं. कांहीं जण आले तसेच परत जातात. पण ज्याला उमगतात त्याला पुढच्या खेपेस बोलावणें पाठवावें लागत नाहीं.

म्हणून इतिहासाचा माझ्या मतें निष्कर्ष असा, कीं चिंतामणरावांची समिति आणि सैयदैन हे दोघेहि अर्धे बरोबर होते. नाखूष मुलाला दारापर्यंत आणण्यासाठीं थोडा रेटा, थोडें आमिष, थोडा मित्राचा आग्रह हीं क्षम्य आहेत. त्यावांचून तो येणारच नाहीं. परंतु आंत आल्यावर त्याच्या हातीं खरें काम द्यावें लागतें, आणि तेथें सक्तीची मात्रा चालत नाहीं. शिबिर गांवासाठीं आहे, गांव शिबिरासाठीं नाहीं, हें संयोजकांनीं विसरतां कामा नये. आणि आपण पालकांनीं? मुलगा शिबिराहून घरीं आला कीं त्याचे किती तास भरले हें विचारण्याआधीं, तेथें कोणाचें काय अडलें होतें, हें त्याला विचारावें. उत्तर देतां आलें तर त्याचा वेळ फुकट गेला नाहीं असें खुशाल समजावें, मग परीक्षा कितीहि जवळ आलेली असो.

सिमेंटच्या पोत्यांचा तो बांध फार दिवस टिकत नाहीं. पोतीं उन्हापावसानें विरतात, पुराच्या लोंढ्यांत वाहून जातात, आणि पुढच्या वर्षीं तो नव्यानें घालावा लागतो. त्या वेळीं रांगेंत नवीं मुलें उभीं असतात, आणि त्यांतलीं कित्येक पुन्हां नाखूषच असतात.