जेसनचा सातबारा

१९२८ च्या उन्हाळ्यात ब्रिटनने नागरी विमानांच्या नोंदणीसाठी नवी अक्षरमाला सुरू केली. पहिला मान, म्हणजे जी-ए-ए-ए-ए, मिळाला विमान-कारखानदार जेफ्री डी हॅव्हिलँड यांच्या स्वतःच्या जिप्सी मॉथला. त्याच ओळीत आठवं होतं जी-ए-ए-ए-एच. हेही जिप्सी मॉथच, त्याच कारखान्यात, लंडनच्या उत्तरेला स्टॅग लेन इथं बांधलेलं. जन्मतः त्यात कौतुकासारखं काहीच नव्हतं. ते एअर टॅक्सीज नावाच्या कंपनीकडे, कॅप्टन होप यांच्या हाताखाली राबलं आणि दोन वर्षांनी सेकंडहँड म्हणून विकायला निघालं.

जुन्या हलक्या विमानांचा नाद लागलेली माणसं अशा एकेका विमानाची कुंडली मांडत बसतात. मॉडेलची नव्हे, त्या एका नगाची. कुठल्या तारखेला कोणाच्या नावावर चढलं, कुठल्या माळावर आपटलं, कोणाला विकलं. सरकारी नोंदवही म्हणजे विमानाचा सातबाराच. कारखान्याचा क्रमांक हा गट नंबर, मालकांची नावं एकाखाली एक, आणि दर विक्रीला फेरफार. फरक इतकाच, की जमीन कुठे जात नाही. विमानाच्या उताऱ्यात मात्र नोंद का रद्द झाली याचा शेवटचा रकाना असतो. ‘कोसळलं’, ‘परदेशी विकलं’, ‘मोडीत काढलं’. ए. जे. जॅक्सन यांनी ब्रिटिश नागरी विमानांवर तीन जाडजूड खंड केले, त्यांच्या परिशिष्टांत हे सगळं बारीक टाइपात आहे. १९४८ मध्ये सुरू झालेली एअर-ब्रिटन ही अभ्यासकांची संस्था आजही तेच काम करते. पहिल्या वाचनात या याद्या टेलिफोन डिरेक्टरीइतक्याच रुक्ष वाटतात. मग लक्षात येतं की ६ फेब्रुवारी १९४० ही तारीख पुन्हापुन्हा येते आहे. त्या दिवशी इंग्लंडमधल्या मेलँड्स विमानतळाचं हँगर जळालं. ८ जुलै १९४० ही आणखी एक. त्या दिवशी हूटन पार्कला आग लागली आणि तिथं ठेवलेली कितीतरी छोटी विमानं एकदमच उताऱ्यावरून उतरली.

नोंदवहीत जन्म, मालक आणि मृत्यू सापडतात. मधली दुखणी सापडत नाहीत. पंख कुठे फाटला, कोणी शिवला, हे शोधायचं तर लॉगबुकं, पत्रं आणि त्या वेळची वर्तमानपत्रं चाळावी लागतात. मला विचाराल तर खरी कुळकथा तिथंच आहे. जी-ए-ए-ए-एचच्या बाबतीत तर नक्कीच.

मॉथ कशाचं बनलेलं असे ते आधी सांगायला हवं. पहिलं मॉथ २२ फेब्रुवारी १९२५ ला उडालं. त्याचं इंजिन हा काटकसरीचा नमुना होता. महायुद्धातून उरलेली आठ सिलिंडरांची रेनॉ इंजिनं पडून होती. फ्रँक हाल्फर्ड यांनी त्यातलं निम्मं घेऊन चार सिलिंडरांचं सिरस इंजिन उभं केलं. तो साठा संपत आल्यावर डी हॅव्हिलँडनं घरचंच १०० अश्वशक्तीचं जिप्सी बनवलं. विमानाचं धड प्लायवुडचं, पंखांचा सांगाडा लाकडी, त्यावर ताणून बसवलेलं लिनन. लिननवर डोप फासायचा. हे वार्निशासारखं रसायन वाळताना आकसतं आणि कापड ढोलकीच्या पुडीसारखं ताठ होतं. पंख मागे दुमडायचे, म्हणजे गोठ्याएवढ्या जागेत विमान मावे. रिकामं वजन सव्वाचारशे किलोच्या आसपास. थोडक्यात, एक सुतार, एक शिंपी आणि इंजिनाची जाण असलेला एक मिस्त्री एवढी माणसं मिळाली, तर मॉथ कुठेही पुन्हा उभं राहू शकत होतं.

दुसरी मालकीण झाली एमी जॉन्सन. हल बंदरातल्या मासळीच्या व्यापाऱ्याची मुलगी, वय २६, लंडनच्या एका सॉलिसिटर कचेरीत टायपिस्टचं काम केलेली. स्टॅग लेनच्या हँगरमध्ये हात काळे करून तिनं विमान दुरुस्तीचा ग्राउंड इंजिनिअरचा परवाना मिळवला होता. ब्रिटनमध्ये तो मिळवणारी ती पहिली स्त्री. विमानाची किंमत ६०० पौंड. पैसे वडिलांनी आणि तेल-उद्योगातले लॉर्ड वेकफिल्ड यांनी मिळून घातले. नवं कोरं मॉथ साधारण ६५० ला मिळे, म्हणजे दोन वर्षं वापरलेल्या मालाच्या मानानं सौदा काही स्वस्तातला नव्हता; पण यात लांब पल्ल्यासाठी जादा टाक्या बसवलेल्या होत्या. रंग गडद हिरवा, अक्षरं रुपेरी, नाव ‘जेसन’. ग्रीक पुराणातल्या वीराची आठवण इथं काढायचं कारण नाही. ‘जेसन’ हा वडिलांच्या मासळीच्या पेढीचा ट्रेडमार्क होता.

५ मे १९३० ला एमी क्रॉयडनहून एकटी निघाली, ऑस्ट्रेलियाला. त्याआधी तिनं केलेला सर्वांत लांबचा प्रवास लंडन ते हल. धडाच्या बाहेर जादा पंखा, म्हणजे प्रॉपेलर, दोरीनं बांधलेला. वाटेत मोडणार हे गृहीतच धरलेलं होतं.

सहा दिवसांत ती कराचीला पोचली. १९२८ मध्ये इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया हा अख्खा प्रवास साडेपंधरा दिवसांत करणाऱ्या बर्ट हिंकलर यांच्यापेक्षा दोन दिवस पुढे. योगायोग असा, की त्याच मे महिन्यात त्याच वाटेवर आपल्याकडचीही मॉथ उडत होती. आगाखानांनी इंग्लंड आणि भारत यांच्यामध्ये एकट्यानं उडणाऱ्या भारतीयासाठी बक्षीस लावलं होतं. अस्पी इंजिनिअर इंग्लंडकडून इकडे येत होते आणि जे. आर. डी. टाटा कराचीहून तिकडे निघाले होते. दोघांची गाठ इजिप्तमध्ये पडली, अस्पी स्पार्क प्लगसाठी अडले होते आणि जेआरडींनी आपल्याकडचे दिले. बक्षीस अस्पींनी जिंकलं. पुढे ते हवाई दलाचे प्रमुख झाले. जेआरडी मॉथवर हात बसवून आलेले जुहूच्या बॉम्बे फ्लाइंग क्लबातून. १० फेब्रुवारी १९२९ चा त्यांचा परवाना भारतातला पहिल्या क्रमांकाचा. त्यांचं मॉथ आणि एमीचं मॉथ एकाच वाणाचं, पण कुळकथा लिहिणाऱ्याच्या लेखी ही दोन वेगळी माणसं असतात.

आता जेसनच्या दुखण्यांकडे.

कराचीहून अलाहाबाद गाठायचं ठरलं होतं. वारा समोरचा, पेट्रोल संपत आलेलं. खाली झाशी दिसली आणि एमीनं विमान थेट लष्कराच्या परेड ग्राउंडवर उतरवलं. मॉथला ब्रेक नसत. विमान धावत बराकींपर्यंत गेलं आणि पंख एका खांबावर आदळून चेचला. तिथल्या सुतारानं रातोरात पंख बांधून दिला. सकाळी ती अलाहाबादकडे निघाली आणि संध्याकाळी कलकत्त्यात होती. एक मोडलेला पंख एका रात्रीत नीट होतो ही आजच्या वाचकाला गंमत वाटेल. लाकडाच्या पट्ट्या ओळखणाऱ्या माणसाला ती वाटली नसावी.

खरा घाव बसला दोन दिवसांनी, ब्रह्मदेशात. पावसात रंगूनचं रेसकोर्स दिसेना. रंगूनच्या उत्तरेला इन्सेन इथं सरकारी तंत्रशाळेचं फुटबॉलचं मैदान दिसलं, तिथं ती उतरली. मैदान आखूड पडलं. विमान पलीकडच्या चरात नाकावर गेलं. प्रॉपेलर तुटला, चाकांचा सांगाडा वाकला, खालच्या पंखाच्या फासळ्या मोडल्या आणि कापड फाटून लोंबू लागलं. विक्रम संपला तो इथंच. पुढचे तीन दिवस त्यात गेले.

पण दैवानं नेमकी जागा निवडली होती म्हणायची. तंत्रशाळा! शिक्षक आणि विद्यार्थी कामाला लागले. मोडलेली फासळी नमुना म्हणून समोर ठेवून तिच्यासारख्या नव्या केल्या. प्रॉपेलर जादा होताच. अडलं ते कापडापाशी, कारण विमानाचं लिनन ब्रह्मदेशात आणायचं कुठून? तर महायुद्धानंतर सरकारनं उरलेलं विमानी कापड विकून टाकलं होतं आणि लोकांनी त्याचे शर्ट शिवले होते. ते शर्ट गोळा झाले, उसवले आणि पंखावर चढले. डोप स्थानिक औषधवाल्यानं घटक जमवून तयार करून दिला. जे कापड एकदा लढाऊ विमानासाठी विणलं, ते माणसांच्या अंगावरून फिरून पुन्हा विमानावर आलं. मालकी-इतिहासाच्या कुठल्याही रकान्यात हे मावत नाही. ज्यांचे शर्ट गेले त्यांची नावं नोंदवहीत शोधू नयेत.

पुढे जावा बेटावर, चोमाल इथल्या उसाच्या मळ्यात उतरताना नव्या घराच्या आखणीसाठी रोवलेले बांबूचे खुंट खालच्या पंखात घुसले. त्या भोकांना एमीनं जखमेवर लावायची चिकटपट्टी लावली आणि उडाली. सगळ्या दुरुस्त्यांत मला ही सर्वांत आवडते, कारण तिच्यात कारागिरी अजिबात नाही. नुसती घाई आहे.

२४ मे ला तिमोर समुद्र ओलांडून ती डार्विनला उतरली. साडेएकोणीस दिवस, सुमारे ११,००० मैल. हिंकलरचा विक्रम मोडला नाही, पण एकटीनं इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला जाणारी ती पहिली स्त्री ठरली आणि जग वेडं झालं. पाच दिवसांनी, २९ मे ला, ब्रिस्बेनच्या ईगल फार्म मैदानावर हजारोंच्या गर्दीसमोर ती उतरायला आली, थकून चूर. विमान मैदान ओलांडून कुंपणाच्या तारेत गेलं आणि उलटं झालं. तिला खरचटलंही नाही. वाळवंट, मॉन्सून आणि समुद्र निभावलेलं जेसन हारतुऱ्यांसाठी जमलेल्या लोकांसमोर आडवं पडलं. पुढचा दौरा तिनं दुसऱ्यांच्या विमानात प्रवासी म्हणून केला, आणि त्यातल्या एका वैमानिकाशी, जिम मॉलिसनशी, १९३२ मध्ये लग्नही केलं.

जेसनची डागडुजी झाली आणि ते बोटीनं इंग्लंडला परतलं. ‘डेली मेल’नं एमीला १०,००० पौंड देऊन तिचं कर्तृत्व आणि प्रसिद्धी दोन्ही आपल्या पदरात पाडून घेतली होती. त्या वर्तमानपत्राच्या हातून विमान लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये गेलं. आजही ते तिथं छताला टांगलेलं आहे. इन्सेनच्या शर्टांपैकी काही त्यावर असेल असं मानायला मन ओढ घेतं, पण ब्रिस्बेनच्या उलथापालथीनंतर ती आशा फारशी धरू नये. हिंकलरचं अ‍ॅव्हियन विमान मात्र ब्रिस्बेनलाच, क्वीन्सलँड म्युझियममध्ये आहे. म्हणजे जेसन जिथं उलटलं, त्याच शहरात त्याचा प्रतिस्पर्धी जपून ठेवलेला.

बहुतेक मॉथच्या नशिबी छत आलं नाही. डेनिस फिंच हॅटन या शिकाऱ्याचं जी-ए-बी-ए-के १४ मे १९३१ ला केनियातल्या व्होई इथं कोसळून जळालं. तो आणि त्याचा नोकर कामाउ दोघे गेले. त्याची गोष्ट सांगणाऱ्या ‘आउट ऑफ आफ्रिका’ या १९८५ च्या चित्रपटात जे पिवळं विमान दिसतं ते अमेरिकेत परवान्यावर बांधलेलं दुसरंच मॉथ. प्रेक्षकाला फरक पडत नाही. यादी ठेवणाऱ्याला पडतो, आणि माझी सहानुभूती यादीवाल्याकडे आहे.

ती केवळ हौस म्हणून नाही. मॉथनंतर आलेल्या एकपंखी, बंद केबिनच्या पुस मॉथची गोष्ट पाहा. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडींनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं ते याच जातीच्या विमानातून. त्याच वर्षांत जगभर पुस मॉथ हवेतच पंख तुटून पडत होती. एक पडलं की वैमानिकाला दोष देता येतो, हवेलाही देता येतो. वेगवेगळ्या मालकांची, वेगवेगळ्या देशांतली पडलेली विमानं शेजारी-शेजारी मांडल्यावर पंखाला आधार देणाऱ्या दांड्याच्या कंपनाकडे बोट गेलं, आणि एक छोटा जादा टेकू बसवून तो दोष निघाला. स्वतः हिंकलर ७ जानेवारी १९३३ ला इटलीच्या डोंगरात पुस मॉथसकट कोसळून गेले.

उडणाऱ्या मॉथपैकी सर्वांत जुनं जी-ई-बी-एल-व्ही. १९२५ मध्ये लँकशायर एरो क्लबला मिळालेलं हे विमान आज ओल्ड वॉर्डनच्या शटलवर्थ संग्रहात असतं. मालक बीएई सिस्टिम्स, म्हणजे विलीनीकरणांच्या साखळीतून डी हॅव्हिलँडचीच वारसदार कंपनी. शंभरीला आलेल्या त्या विमानाचं कापड, लाकूड, इंजिनाचे भाग बदलत आले आहेत. कोणता भाग केव्हा बदलला ते लॉगबुकात चढवावं लागतं, आणि त्यावर परवाना असलेल्या इंजिनिअरची सही पडेपर्यंत ते हँगरमधून बाहेर काढत नाहीत.