गावांची बिरुदे आणि वसईची नावे

माणसाला जसे पाळण्यातले नाव असते आणि पुढे कर्तृत्वामुळे किंवा लोकांच्या लहरीमुळे एखादे टोपणनाव चिकटते, तसेच गावांचेही आहे. पुण्याला आपण विद्येचे माहेरघर म्हणतो, नागपूरला संत्र्यांचे शहर म्हणतो. दक्षिण काशी हे एकच बिरुद पैठण आणि करवीर ही दोन्ही क्षेत्रे सारख्याच अभिमानाने मिरवितात. ही बिरुदे कानांस गोड लागतात. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने प्रत्येक बिरुदाला एक प्रश्न विचारलाच पाहिजे : ते दिले कोणी, आणि देताना त्याच्या डोळ्यांपुढे त्या गावातली कोणती माणसे होती? हा प्रश्न विचारण्यास वसईइतके सोयीचे दुसरे ठिकाण आम्हांस दिसत नाही.

प्रथम प्रदेशाचे पाहू. प्राचीन ग्रंथांत कोकणाला अपरांत, म्हणजे पश्चिमेकडचा शेवट, म्हटले आहे. हे नाव उघडच पूर्वेकडून पाहणाराचे. किनाऱ्यावर राहणाराला आपली भूमी शेवट कशी वाटेल? त्याने परशुरामक्षेत्र हे बिरुद स्वीकारले, त्यात शेवटाऐवजी आरंभाची कथा आहे. याच तालुक्यातील सोपारे म्हणजे जुने शूर्पारक. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही तेथेच मिळाला. राजवटी गेल्या, बंदर गाळाने भरले, पण शूर्पारकाचे सोपारे होऊन नाव मात्र लोकांच्या तोंडी टिकले.

आता वसई. या नावाचा संबंध वास, म्हणजे वस्ती, या शब्दाशी जोडतात. १५३४ च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने हा मुलूख पोर्तुगीजांच्या स्वाधीन केला. त्यांनी वसईचे बासाईं केले आणि पुढे, चौलपासून दमणपर्यंतच्या उत्तर प्रांताचा अधिकारी येथे राहत असल्यामुळे, गावाला ‘उत्तरेचा दरबार’ हे बिरुद लाभले. तटाच्या आत फिदाल्गो म्हणजे सरदार घराण्यांचे वाडे उभे राहिले. बिरुद दिले ते या वाड्यांकडे पाहून. तटाबाहेर मासळी धरणारा कोळी, केळी-पानमळा पिकविणारा वाडवळ आणि सामवेदी, ताडी काढणारा भंडारी यांच्या श्रमावर दरबार चालत होता. बिरुदात मात्र त्यांना जागा नव्हती.

बिरुद आणि बळ यांची सांगड कायम राहतेच असेही नाही. १६७४ साली मस्कतच्या सुमारे ६०० अरबांनी किनाऱ्यावर उतरून तटाबाहेरील चर्चे लुटली, आणि आतील शिबंदीला बाहेर पडण्याचे धैर्य झाले नाही. त्या दिवशी ‘उत्तरेचा दरबार’ हे शब्द तटाच्या आत कोंडले गेले होते.

याच मुलखाला मराठे फिरंगाण म्हणत. हेही टोपणनावच, पण ते राज्यकर्त्यांनी स्वतःला दिलेले नव्हे, शेजाऱ्याने दिलेले. त्यात परकेपणाची जाणीव आहे आणि हा परकेपणा घालवावयाचा आहे हा इशाराही आहे. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, तेव्हा फिरंगाण या शब्दाचे प्रयोजनच संपले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. विजेत्यांनी वसईचे बाजीपूर केले. नाव आपल्या माणसांनी दिलेले, विजय आपला, आनंद खरा; तरीही ते रुजले नाही. १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी जो तह केला, तो मराठीत वसईचा तह म्हणूनच ओळखला जातो. पुढे इंग्रजांनी बासाईंचे बसीन केले. रेल्वे स्टेशनाच्या पाटीवरही बसीन रोड आले. आज तेथे वसई रोड आहे. बसीन हे नाव आता मुख्यतः जुन्या कागदांत आणि समुद्रातील वायुक्षेत्राच्या नावात उरले आहे.

दैवाचा खेळ असा, की ज्या मुंबईचा कारभार एकेकाळी वसईहून चाले, ती १६६१ च्या विवाहकरारात आंदण गेली, १६६८ साली कंपनीला मिळाली आणि पुढे तिनेच ‘हिंदुस्थानातील पहिले शहर’ हे लॅटिन बिरुद आपल्या मुद्रेवर मिरविले. दरबार ओस पडला, आंदण दिलेले बेट महानगर झाले. यावरून बिरुदाचा गर्व किती करावा हे ज्याचे त्याने ठरवावे.

मग टिकते काय? दरबारी नाव टिकत नाही, जेत्याचेही टिकत नाही. होळी, पापडी, गिरीज, निर्मळ, आगाशी ही नावे कोणा सेनापतीच्या फर्मानाने जगली नाहीत. बाजारात टोपली उतरविणाऱ्या बाईच्या आणि होडी लोटणाऱ्या कोळ्याच्या तोंडी ती रोज उच्चारली गेली, म्हणून जगली. २००९ साली महानगरपालिका झाली, २०१४ साली पालघर जिल्हा झाला. नव्या वसाहतींना नवी, भपकेदार नावे मिळत आहेत, मिळोत. आमचे म्हणणे एवढेच, की नवी पाटी लावताना जुन्या आळीचे, पाड्याचे, तळ्याचे नाव एकदा वयस्कांना विचारून लिहून ठेवावे. किल्ला पडला तर दगड तरी उरतात. नाव बोलायचे थांबले की त्याचा अवशेषही राहत नाही.